शिकारी पक्षी अचानक पाच मीटरवर येऊन बसला तर? फोकस, फ्रेम आणि पक्ष्याची देहबोली

वाटाड्या

"पक्षी फार लांब आहे, काय करू" या रडगाण्यावर धागे ढिगाने आहेत. हा त्याच्या उलट. शिकारी पक्ष्यांचे फोटो काढताना कधीतरी पक्षीच आपण होऊन जवळ येतो. दबा धरून बसलेल्या माणसाला खोड समजून घार समोरच्या खुंटावर उतरते. शिक्रा साळुंकीमागे सुटतो तो थेट गाडीच्या आरशापाशी येऊन थांबतो. तिन्हीसांजेला घुबड डोक्यावरच्याच फांदीवर येऊन बसतं. एवढी संधी मिळूनही फोटो बघावेत तर धूसर, नाहीतर शेपूट कापलेली, नाहीतर छातीची पिसं पांढरीफटक.

माझे प्रश्न तीन आहेत. चांगली महागडी लेन्स नेमक्या त्याच क्षणी फोकस घ्यायला का नकार देते? फोकस मिळालाच तर डेप्थ (फोटोत पुढे-मागे जेवढा भाग धारदार येतो ती खोली) आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कसं सांभाळायचं? आणि पक्षी जवळ बसलाय म्हणजे निवांत आहे की भीतीने गोठलाय, हे कशावरून ओळखायचं?

"एकदा काय झालं" छापाच्या गोष्टींसाठी वेगळे धागे आहेत. इथे आकडे आणि कारणं लिहा ही विनंती.

झूमकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा लेन्सच्या डाव्या अंगाला असलेल्या बारक्या बटणात असतं. फोकस लिमिटर, म्हणजे लेन्सने किती जवळपर्यंत फोकस शोधायचा हे ठरवणारं बटण. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी आपण तो लांबच्या पट्ट्यावर ठेवतो आणि विसरून जातो. कॅनन ईएफ ६०० एफ ४ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा पट्टा १६ मीटरपासून पुढे आहे, सोनी २००-६०० आणि सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीमध्ये १० मीटरपासून, निकॉन २००-५०० मध्ये ६ मीटरपासून. पक्षी सात मीटरवर बसला की यातल्या पहिल्या तीन लेन्स मागे-पुढे गरगर फिरतात आणि हात टेकतात. मोटर बिघडलेली नसते, तिला तिथवर यायची परवानगीच दिलेली नसते.

लिमिटर पूर्ण उघडा असला तरी लेन्सची स्वतःची एक हद्द असते. कॅननच्या त्या ६०० ची किमान फोकस अंतराची मर्यादा ४.५ मीटर, निकॉन ५०० पीएफची ३ मीटर, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीची २.८, सोनी २००-६०० ची २.४, टॅमरॉन १५०-६०० जी२ ची २.२. कॅनन आरएफ १००-५०० पूर्ण झूमवर १.२ मीटरपर्यंत येते. ही अंतरं लेन्सच्या टोकापासून नाही, सेन्सरपासून मोजतात. म्हणजे ६०० एमएमची प्राइम (झूम नसलेली लेन्स) हूडसकट धरली तर हूडपुढे उरतं ते अंतर चार मीटरच्याही आत.

घरी एकदा मोजपट्टी घेऊन तपासा. मग मैदानात हे अंतर पावलांत ओळखायची सवय लावा. सहा पावलं म्हणजे साडेचार मीटर, साधारण.

चिमणराव

लिमिटर कायम पूर्ण उघडाच ठेवला तर? मग हा प्रश्नच उरत नाही.

झूमकर

उरतो, फक्त जागा बदलतो. आकाशातला ससाणा चौकटीतून निसटला की पूर्ण उघड्या लिमिटरवर लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, तोवर पक्षी गेलेला असतो. मधला मार्ग असा: उडत्या पक्ष्यांच्या सत्रापुरता लांबचा पट्टा, आणि पक्षी उतरायला लागला की डाव्या अंगठ्याने बटण सरकवायचं. न बघता. हे अंगठ्याच्या सवयीचं काम आहे. वीस वेळा घरी केलं की जमतं.

ज्यांच्या लेन्सवर फोकस प्रीसेटची कडी किंवा बटण आहे त्यांनी पाच-सहा मीटरचं एक अंतर साठवून ठेवावं. पक्षी जवळ आला की आधी प्रीसेट दाबायचं, लेन्स झटकन त्या परिसरात येते, उरलेलं काम ऑटोफोकस करतो. पार धूसर चित्रात ऑटोफोकसला पकडायला कडाच सापडत नाही, म्हणून तो चाचपडत बसतो. कडी नसेल तर फोकस रिंग हाताने जवळच्या बाजूला अर्धा वेढा फिरवून मग बटण दाबा. तेवढ्यानेही काम होतं.

गणिती_पिंगळा

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा), ६०० एमएम, पक्षी ५ मीटरवर.

चौकटीत मावणारी जागा साधारण २६ बाय १८ सेंटीमीटर. घारीची चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबी अर्ध्या मीटरहून जास्त. म्हणजे आडव्या काय, उभ्या चौकटीतही ती मावत नाही. तीस सेंटीमीटरच्या आसपासचा शिक्रासुद्धा जेमतेम मानेपासून पोटापर्यंत. क्रॉप (लहान) सेन्सर असेल तर ही जागा दीडपटीने आणखी आखडते.

डेप्थ (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान): एफ ४ ला सुमारे दीड सेंटीमीटर. एफ ८ ला तीन, एफ ११ ला चार. पक्षी समोर तोंड करून बसला असेल तर चोचीच्या टोकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर तीन-चार सेंटीमीटर सहज होतं. म्हणून एफ ४ ला डोळा टिपला की चोच मऊ, आणि ऑटोफोकसने चोच धरली तर डोळा गेला. हाच पक्षी ३० मीटरवर असता तर एफ ४ लाही साठेक सेंटीमीटरची मोकळीक मिळाली असती. लांबच्या पक्ष्यावर एफ ४ उघडं ठेवायची सवय जवळच्या पक्ष्यावर नडते ती अशी.

टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे लावायचं चित्र मोठं करणारं भिंग) लावलेला असेल तर किमान फोकस अंतर बदलत नाही, पण चौकट १.४ पट आवळली जाते. एरवी वरदान, या क्षणी अडगळ.

शटरताई

पिंगळेदादा, हिशेब बरोबर, पण एफ ११ चा सल्ला सरसकट देऊ नका. पाच मीटरवरचा पक्षी पुढच्या दोन सेकंदांत उडणार असतो. ढगाळ हवेत एफ ११ आणि १/२००० च्या शटरचा मेळ घालायचा तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) कुठल्या कुठे जातो. बसलेल्या पक्ष्याला एफ ८ आणि १/५०० ते १/८००. पक्ष्याने मान तिरकी केली, चोच बाजूला दिसू लागली, की डोळा आणि चोच एकाच पातळीत येतात, तेव्हा एफ ५.६ लाही सगळं धारदार येतं. त्या वळणाची वाट बघणं हे आयएसओ वाढवण्यापेक्षा स्वस्त.

आणि चौकटीचं म्हणाल तर ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सला ट्रायपॉडवर धरणाऱ्या कड्याचा) स्क्रू सत्रभर थोडा सैल ठेवा. पक्षी जवळ बसला की कॅमेरा एका हलक्या वळणात उभा होतो. झूम असेल तर आधी झूम मागे घ्या, मग फोकस. उलट क्रमाने केलंत तर काही झूममध्ये फोकस सरकतो आणि परत शोधाशोध. प्राइमवाल्यांनी अख्ख्या पक्ष्याचा मोह सोडून सरळ चेहरा घ्यावा. "जवळजवळ अख्खा" फोटो सगळ्यात वाईट: नखं कापलेली, शेपटीचं टोक गेलेलं, आणि बघणाऱ्याला वाटतं की चुकून कापलं.

अख्खा हवाच असेल तर उभ्या चौकटीत वरून खाली तीन फोटो, प्रत्येकात तिसरा हिस्सा सामायिक, एक्स्पोजर मॅन्युअल, आणि नंतर जोडकाम. पक्षी अगदी स्थिर असेल तरच. खुंटावर बसलेल्या शृंगी घुबडासाठी चालेल, ज्याची मान सारखी फिरते त्या खरुचीसाठी नाही.

चिमणराव

एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावली तर किमान अंतर कमी होतं ना? पंचवीस मिलिमीटरची ट्यूब खिशात ठेवावी का?

गणिती_पिंगळा

होतं कमी. त्या ६०० वर २५ मिमीची ट्यूब लावली की अंतर साधारण पाऊण मीटरने घटतं. पण दुसऱ्या टोकाचा हिशेबही बघा. लांबचा फोकस जातो. ६०० वर २५ मिमीची ट्यूब असेल तर १५ मीटरपलीकडचं काहीच धारदार येत नाही. १२ मिमीची असेल तर ३० मीटरपलीकडचं. म्हणजे पक्षी उडून समोरच्या झाडावर गेला की तुम्ही आंधळे.

शटरताई

आणि ती लावणार कधी? लेन्स काढायची, ट्यूब बसवायची, परत लेन्स, तेही पाच मीटरवर बसलेल्या पक्ष्यासमोर. मचाणात ठरलेल्या बैठकीवर आधीच लावून बसलात तर ट्यूब उपयोगी. अचानक आलेल्या पक्ष्याला नाही. त्यापेक्षा खांद्यावर ७०-२०० किंवा १००-४०० लावलेली दुसरी बॉडी बरी. तेही नसेल तर मोबाइल. हसू नका. दोन मीटरवर बसलेल्या पक्ष्याचा अख्खा परिसरासह फोटो मोबाइल जितका चांगला काढतो तितका ६०० एमएम जन्मात काढणार नाही.

झूमकर

ट्यूबवर सहमत. पक्षी किमान अंतराच्या किंचित आत असेल तर मागे पाऊल टाकू नका, ते त्याला लगेच कळतं. पाय तिथेच ठेवून वजन टाचांवर घ्या आणि कमरेतून मागे रेला. हातात धरलेला कॅमेरा वीस-तीस सेंटीमीटर मागे येतो. बरेचदा तेवढंच कमी पडत असतं.

शटरताई

एक्स्पोजरचं राहिलं, आणि पांढरीफटक छाती तिथूनच येते. आकाशातल्या लहानशा गडद घारीसाठी आपण कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजळपणा हाताने कमी-जास्त करायचं चाक) अधिक १.३ वगैरे ठेवलेलं असतं, कारण चौकटीचा बहुतेक भाग उजळ आकाशाने भरलेला असतो आणि मीटर फोटो काळवंडवतो. तीच घार जवळ बसली की चौकट तिच्या तपकिरी अंगानेच भरते. आता मीटर स्वतःहून उजळ करू बघतो, आणि आपलं अधिक १.३ त्यावर चढतं. उतरणाऱ्या पक्ष्याबरोबर कॉम्पेन्सेशनचं चाकही खाली यायला हवं: शून्य, गडद पक्षी असेल तर उणे ०.३ ते ०.७. कापशी घारीसारखा पांढुरका पक्षी चौकट भरून बसला तर मीटर उलट फसतो, तेव्हा थोडं अधिक लागतं, पण छातीवरच्या झेब्रा पट्ट्यांवर (अतिउजळ भाग दाखवणाऱ्या पडद्यावरच्या तिरप्या रेघांवर) नजर ठेवून.

मॅन्युअलवाल्यांनाही सूट नाही. उडत्या पक्ष्याचं पोट सावलीत असतं, म्हणून आपण त्यासाठी एक्स्पोजर वाढवून ठेवलेलं असतं. तो उन्हाकडे तोंड करून बसला की तेच मूल्य जास्त होतं.

रानवाट

डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसबद्दल एक भर. चेहरा चौकट भरून आला की काही कॅमेरे नाकपुडीला डोळा समजतात. बहिरी ससाण्याच्या गोल नाकपुडीत मधोमध हाडाचा छोटा सुळका असतो, लांबून तो बुबुळासारखाच दिसतो. फोकसचा चौकोन नाकपुडीवर टिकून राहिला तर एक बिंदूचा फोकस घेऊन स्वतः डोळ्यावर ठेवा.

दुसरं, पांढरे डोळे. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, अर्धपारदर्शक, आणि ती कोपऱ्यातून सरकत डोळ्यावर येऊन जाते. एकच फोटो काढला तर नेमकी ती मध्ये सापडते. तीन-चार फोटोंची छोटी सर काढा. सेकंदाला वीस फोटोंच्या वेगाने बटण दाबून धरलं तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि उड्डाणाच्या वेळी कॅमेरा गप्प.

जुनं_मचाण

कॅमेऱ्याचं झालं असेल तर पक्ष्याकडे वळू. वाटाड्यांचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला हवा होता.

निवांत पक्ष्याची लक्षणं: एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला, अंग फुगवलेलं, पिसं चोचीने विंचरणं, मधूनच सगळं अंग घोड्यासारखं झाडणं. नजर इकडेतिकडे फिरती. असा पक्षी तुम्हाला बघूनही बसलाय.

सावध पक्षी बारीक होतो. पिसं अंगाला चिकटवतो, मान उंचावते, दोन्ही पाय खाली येतात. डोकं वर-खाली किंवा डावी-उजवीकडे हलवतो. ते नाचणं नव्हे. डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून डोकं हलवून तो तुमचं अंतर मोजत असतो. या क्षणी तुमची प्रत्येक हालचाल त्याच्या हिशेबात जाते. लेन्स स्थिर ठेवा, बोटांपलीकडे काही हलवू नका.

जायच्या तयारीतला पक्षी पुढे वाकतो, पंख अंगापासून बोटभर सुटतात, आणि बरेचदा शीट टाकतो. वजन टाकून निघायचं लक्षण. शीट पडली की शटर १/२००० च्या वर नेऊन बोट बटणावर ठेवा. लहान, झपाझप पंख मारणाऱ्या शिक्र्यासाठी १/३२००. उडतो तो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. म्हणून वारा डावीकडून येत असेल तर चौकटीत डावीकडे जागा सोडा. पंख उघडले की रुंदी तिपटीने वाढते, हे लक्षात घेऊन झूम आधीच मागे.

चिमणराव

घुबडाचं पण लिहा. दिवसा झोपलेलं घुबड अगदी जवळून मिळतं.

जुनं_मचाण

तिथेच सगळे फसतात. "झोपलेलं घुबड" म्हणून जे फोटो फिरतात त्यातली कित्येक घुबडं जागी आणि हबकलेली असतात. नीट बघा: अंग काठीसारखं उभट आणि बारीक, कानाच्या तुऱ्या ताठ, डोळे फटीएवढे उघडे, चेहरा तुमच्याकडे. खोडाचा तुटका फाटा वाटावा म्हणून घेतलेला तो पवित्रा आहे. खरंच झोपलेलं घुबड सैल, गोलमटोल आणि फुगीर दिसतं.

असा ताठ पक्षी दिसला की एक-दोन फोटो घेऊन मागे सरका. त्याला उडवलंत तर भर उजेडात कावळे आणि कोतवाल त्याच्या मागे लागतात, आणि दिवसाची विश्रांती गेली ती गेलीच. रात्रीच्या घुबडावर जवळून फ्लॅश मारू नका, हे वेगळं सांगायला नको.

भक्ष्यावर बसलेल्या पक्ष्याची खूण वेगळी. तो पंख छत्रीसारखे पसरून, शेपूट टेकवून शिकार झाकतो. त्याचा अर्थ "माझं आहे, लांब राहा" इतका सरळ असतो. ही मुद्रा कॅमेऱ्यात भारी दिसते, पण ती तुमच्यामुळे घेतली असेल तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. शिकार टाकून गेला तर त्याची सगळी मेहनत वाया.

वाटाड्या

मग निघायचं कसं? पक्षी पाच मीटरवर बसलाय, आपण उघड्यावर, आणि सावध झालाय.

जुनं_मचाण

घाई नसेल तर सगळ्यात चांगलं म्हणजे निघूच नका. तो आपण होऊन आलाय, आपण होऊन जाऊ दे. पायी असाल आणि निघायलाच हवं असेल तर आधी लेन्स हळू खाली घ्या. तेही तो दुसरीकडे बघत असताना किंवा पिसं विंचरत असताना. मोठी गोल काच थेट त्याच्यावर रोखलेली असणं हे त्याच्या दृष्टीने टक लावणाऱ्या भल्यामोठ्या डोळ्यासारखं असतं. मग नजर जमिनीकडे, खांदा त्याच्याकडे, आणि तिरकं चालत लांब. पाठ फिरवून झटक्यात उठू नका, आणि सरळ त्याच्या दिशेने तर एक पाऊलही नको.

गाडीत असाल तर दार उघडू नका. गाडी त्याला चालते, गाडीतून बाहेर आलेला माणूस चालत नाही. इंजिन चालू करायचं असेल तर तो उडाल्यावर.

पट्टीवाला

घरट्याजवळची जवळीक ही वेगळीच भानगड, आणि तिथे धोका फोटोग्राफरला असतो. आवाज तीक्ष्ण आणि एकसारखा सुरू झाला, पक्षी डोक्यावरून पुन्हा पुन्हा खाली झेपावू लागला, की तुम्ही घरट्याच्या हद्दीत आहात. घरटं दिसत नसलं तरी. कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस पूर्ण आंधळा असतो. एक डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये, दुसरा मिटलेला, आणि झेप येते ती पाठीमागून.

ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली वेल्समध्ये असाच गेला. टॉनी जातीच्या घुबडाच्या घरट्याजवळच्या आडोशाकडे ते अंधारात परत जात होते, तेव्हा घुबडाने झेप घातली आणि नख डोळ्यात गेलं. त्यांना चाहूलही लागली नाही, कारण लागण्यासारखं काही नसतंच. घुबडाच्या बाहेरच्या उड्डाणपिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात आणि पिसांचा पृष्ठभाग मखमली, त्यामुळे पंखांचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

अशा वेळी करायचं काय: कॅमेरा खाली, तोंड पक्ष्याकडे. बहुतेक पक्षी समोरून बघणाऱ्या माणसावर शेवटच्या क्षणी वळण घेतात. बंद ट्रायपॉड किंवा मोनोपॉड डोक्याच्या वर उभा धरा. झेप सहसा सगळ्यात उंच टोकावर येते. टोपी आणि चष्मा असू द्या. काठी फिरवू नका. आलात त्याच वाटेने बाहेर पडा.

नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने चांगली पंधरा मिनिटं धुवा. बाहेरून टोचल्याएवढी दिसते पण खोल जाते, आणि नखांवर सडक्या मांसाचे जंतू असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टर, त्याच दिवशी. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, धुवायचंही नाही. कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकता वरून झाकण म्हणून चिकटवा आणि थेट रुग्णालय.

चिमणराव

बापरे. आणि पक्षी पिसाळलेला असेल तर? रेबीज?

पट्टीवाला

रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, त्याची काळजी पक्ष्याच्या बाबतीत नको. बर्ड फ्लूची मात्र हवी. पाणपक्षी खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांना तो होतो. म्हणून आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवायचं नाही.

रानवाट

हा मुद्दा ताणून धरतो, कारण "किती धीट पक्षी, हातभर अंतरावर बसला" या कौतुकामागे बरेचदा आजारी पक्षी असतो. अतिजवळ येऊ देणारा पक्षी बघितला की फोटोच्या आधी तपासा. डोळे अर्धे मिटलेले आहेत का, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय का, तोल जातोय का, मान वाकडी आहे का, शेपटीखाली शीट माखलेली आहे का. यातलं काही दिसलं तर कॅमेरा बाजूला.

याला दोन निरोगी अपवाद आहेत. नुकतं घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू: पिसांतून कापूस डोकावतो, शेपूट आखूड, आणि भीती अजून शिकायची असते. पालक जवळपास असतात, त्याला उचलून "वाचवू" नका. दुसरा अपवाद भरपेट जेवलेला पक्षी. गळ्याखालची पोतडी लिंबाएवढी फुगलेली दिसते आणि त्याला उडायचा कंटाळा असतो. घुबडांना ही पोतडी नसते, तिथे हा निकष चालत नाही.

वाटाड्या

आणि खरंच जखमी असेल तर? वनखात्याला किंवा बचाव केंद्राला फोन करायचा हे माहीत आहे, पण ते येईपर्यंत?

रानवाट

फोनवर ते "आम्ही येतोय, हात लावू नका" म्हणाले तर विषय संपला. दुरून राखण करा, कुत्री-कावळे लांब ठेवा. "आणून द्या" म्हणाले तर: पुठ्ठ्याचं खोकं, पक्षी वळू शकेल एवढंच, खालच्या भागात पेन्सिलच्या जाडीची आठ-दहा भोकं, तळाला जुनं कापड. जाड हातमोजे, मास्क. मागून मोठा टॉवेल डोक्यासकट पूर्ण अंगावर टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. मग टॉवेलमधूनच पंख अंगाशी मिटवून धरा आणि दोन्ही पाय ताब्यात घ्या. लोक चोचीला घाबरतात. शिकारी पक्ष्याचं हत्यार पाय आहे. पाय मोकळे राहिले तर पंजा मनगटावर आवळतो आणि ओढून सुटत नाही. तसं झालं तर बोटं खेचू नका, पाय सरळ लांब करा, पकड सैल पडते.

खोक्यात ठेवल्यावर खाणं नाही, पाणी पाजणं नाही. पाणी सरळ श्वासनळीत जातं. झाकण बंद, शांत जागा, गाडीत गाणी बंद. आणि झाकण उघडून "एकच फोटो" तर अजिबात नाही.

तिरपागडा

जवळून मिळालेल्या फोटोत बघायचं काय, हेही लिहा की कुणीतरी. नुसता "डोळ्यात प्रतिबिंब दिसलं" यावर धन्यता नको.

रानवाट

ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला एक टोकेरी दात असतो, भक्ष्याच्या मानेचा मणका तोडायचा. तो एफ ८ ला बाजूने स्पष्ट येतो. मधुबाजाच्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती खवल्यांसारखी बारीक, घट्ट पिसं असतात, मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या डंखापासून बचाव म्हणून. कैकराच्या तळपायावर काटेरी खरखर असते आणि बाहेरचं बोट मागे वळतं, निसरडा मासा धरायला. शिक्र्याच्या डोळ्याचा रंग नीट टिपा: प्रौढ नर लालसर, मादी पिवळी. लांबच्या फोटोत हे काहीच कळत नाही. पक्ष्याच्या पायात ओळखीची कडी दिसली तर तिच्यावरचे आकडे वाचता येतील असे दोन-तीन कोनांतले फोटो घ्या, पण त्यासाठी पाऊलभरही पुढे सरकू नका.

शटरताई

आणि हे फोटो चढवण्याआधी एक्झिफमधलं (फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीतलं) ठिकाण पुसा. घुबडाच्या ढोलीच्या बाबतीत तर पार्श्वभूमीतला ओळखीचा खडकही कापा.

चिमणराव

शेवटचा प्रश्न. सायलेंट शटर लावून बसलो तर पक्षी दचकणार नाही ना? मग सगळं त्यावरच का करू नये?

झूमकर

बसलेल्या पक्ष्याला जरूर लावा. पाच मीटरवर मेकॅनिकल शटरची टरटर त्याला स्पष्ट ऐकू जाते, पहिल्या आवाजाला मान वळतेच. उड्डाणाला मात्र सेन्सरवर अवलंबून. स्टॅक्ड सेन्सर (झटपट वाचन करणारा महागडा प्रकार) अख्खी चौकट साधारण १/२५० सेकंदात वाचतो, त्याचं काही बिघडत नाही. साध्या सेन्सरला १/३० ते १/१५ सेकंद लागतात. तेवढ्यात पंख अर्धा फेरा मारतो आणि फोटोत केळ्यासारखा वाकतो. शटर १/४००० ठेवलं तरी वाकतोच, कारण प्रश्न उघडझापेचा नाही, वाचनाचा आहे. अशा कॅमेऱ्यावर एक कस्टम मोड बसलेल्यासाठी: सायलेंट, एफ ८, १/६४०. दुसरा उडण्यासाठी: मेकॅनिकल, एफ ५.६, १/२५००, कॉम्पेन्सेशन वेगळं. शीट पडली की मोडचं बटण.

वाटाड्या

गाडीतून काढताना जवळचा पक्षीसुद्धा मऊ येतो, लिमिटर, डेप्थ सगळं बरोबर असून. ते का?

झूमकर

काच अर्धी वर ठेवून तिच्यातून काढत असाल तर कारण तिथेच. काच पूर्ण खाली हवी. तरीही मऊ असेल तर हवा. आत एसीचा गारवा, बाहेर ऊन, खिडकीत दोन्ही मिसळतात आणि चित्र थरथरतं. पाच मीटरवरही. एसी बंद करून सगळ्या काचा दहा मिनिटं उघड्या ठेवा. बीनबॅग दारावर टाकायची असेल तर दोन-तीन किलो भरलेली, पार गच्च नको, लेन्स रुतायला हवी. इंजिन बंद, नाहीतर त्याची थरथर बीनबॅगमधून येते. आणि लेन्स तापलेल्या बॉनेटच्या वरून रोखू नका. पक्षी पुढच्या बाजूला असेल तर गाडी आधीच थोडी तिरकी लावलेली बरी.